अटकेचा नावांचा पूल

सिंधू नदी हिमालयाच्या घळींतून बाहेर पडून छछच्या मैदानात उतरते तेव्हा, पर्वतांनी इतका काळ आवळून धरलेले आपले पात्र ती एकाएकी मोकळे सोडते. बेटे, वाळवंटे आणि लहानमोठे फाटे यांत तिचे पाणी विखुरते, आणि हिवाळ्याच्या दिवसांत एखाद्या माहीतगार वाटाड्यास तेथे क्वचित उतारही सापडतो. परंतु हे औदार्य फार काळ टिकत नाही. थोडे पुढे गेल्यावर पश्चिमेकडून काबूल नदी येऊन तीस मिळते, आणि दोन्ही नद्यांचे हे एकवटलेले पाणी अटकेजवळच्या काळ्या खडकांच्या अरुंद खिंडीत शिरते. किल्ल्यासमोरच कमालिया आणि जलालिया या नावांचे दोन खडक प्रवाहात पुढे आलेले असून, पुराच्या दिवसांत त्यांच्याभोवती जे भोवरे उठतात त्यांची धास्ती तेथील मल्लाहांना, म्हणजे नावाड्यांना, पिढ्यान्‌पिढ्या वाटत आलेली आहे.

हिंदुस्थानात वायव्येकडून येणाऱ्या आणि हिंदुस्थानातून वायव्येकडे जाणाऱ्या प्रत्येक फौजेपुढे व प्रत्येक काफिल्यापुढे येथे एकच प्रश्न उभा राहत असे. वर हुंडजवळ पात्र रुंद, पाणी उथळ आणि वेग कमी. पण तेथे पूल बांधावयाचा तर नावा अधिक लागणार, आणि वाळूचे पात्र बदलते असल्यामुळे गेल्या वर्षीची जागा यंदा उपयोगी पडेलच असा भरवसा नाही. खाली अटकेस पात्र अरुंद, काठ खडकाचे व कायमचे, नावा थोड्या पुरतात. पण पाण्याचा वेग आणि खोली दोन्ही भयंकर. विद्वानांचे बहुमत असे आहे की, इ. स. पूर्व ३२६ मध्ये शिकंदराच्या सैन्याने हुंडची वाट पत्करली. मोगल, शीख आणि इंग्रज यांनी मात्र अटकेची खिंड पसंत केली. आणि ही पसंती ज्या एका विद्येच्या बळावर शक्य झाली ती विद्या म्हणजे धावत्या पाण्यात नाव एका ठिकाणी उभी करून ती महिनोन्‌महिने तेथेच उभी ठेवण्याची. नाव चालविणे हे कौशल्याचे काम आहे हे सर्वांस मान्य असते. नाव थांबविणे हे त्याहून बिकट काम आहे, याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही, आणि याचसाठी हा विषय जरा विस्ताराने मांडावा असे मला वाटते.

नाव बांधावयाची म्हणजे काठावर खुंटा ठोकून त्यास दोर गुंडाळावयाचा, एवढीच बहुतेकांची कल्पना असते, आणि संथ पाण्यात ती खोटीही नाही. परंतु वेगवान प्रवाहात, काठापासून दूर, नदीच्या ऐन मध्यभागी नाव उभी करावयाची झाल्यास सगळाच हिशेब पालटतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर नावेवरचा त्याचा रेटा दुपटीने नव्हे तर चौपटीने वाढतो. वेग तिप्पट झाला तर रेटा नऊपट. ही वाढ ज्याच्या ध्यानात नाही तो माणूस जानेवारीत बांधलेली नाव मे महिन्यातही त्याच दोराने टिकेल असे समजतो आणि फसतो. शिवाय नाव कशी उभी आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. नाळ प्रवाहाच्या तोंडास असेल तर पाणी दोन्ही अंगांनी दुभंगून निघून जाते. ती थोडी जरी आडवी फिरली तरी पाण्याला एकदम सबंध कूस सापडते, नाव एका बाजूस कलते आणि वरच्या अंगाने पाणी आत येऊ लागते. दोर आखूड असला तर नांगर तळातून उचलला जातो आणि नाळ खाली ओढली जाते; दोर लांब सोडला तर ओढ आडवी पडून नांगर तळाशी धरून राहतो, पण मग नाव हेलकावे अधिक खाते. पाणी चढू लागले की तोच दोर अपुरा ठरतो, म्हणून तो वेळेवर सैल करावा लागतो. पाणी उतरले की तोच ढिला पडतो, म्हणून तो पुन्हा आवळावा लागतो. थोडक्यात, वाहत्या नदीत बांधलेल्या नावेवर रात्रंदिवस माणूस जागा असावा लागतो.

अटकेस याहून एक मोठी अडचण होती. लोखंडी नांगराचे दात चिखलात किंवा वाळूत रुतून धरतात. येथे तळ खडकाचा. खडकावर दात सरकत जातात, आणि एखाद्या भेगेत अडकलेच तर नांगर पुन्हा हाती लागत नाही. म्हणजे जेथे पकड मिळत नाही तेथे केवळ वजनावर भिस्त ठेवणे प्राप्त होते. पण दगड पाण्यात बुडाला की त्याच्या वजनाचा सुमारे दोनपंचमांश भाग पाणीच उचलून धरते. त्यामुळे काठावर जे ओझे अवाढव्य वाटते ते तळाशी गेल्यावर बरेच हलके होते, आणि हवे तेवढे वजन मिळविण्यासाठी दगडांचे प्रमाण कल्पनेबाहेर वाढवावे लागते.

ते किती वाढवीत असत याचा उत्तम दाखला अलेक्झांडर बर्न्स या इंग्रज अधिकाऱ्याने देऊन ठेवला आहे. १८३२ साली बुखाऱ्याच्या प्रवासास जाताना तो या वाटेने गेला, त्या वेळी अटक रणजितसिंगाच्या ताब्यात होती. आणि १८३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने येथील नावांच्या पुलाची हकीकत दिली आहे. किल्ल्याच्या लगत खाली पूल बांधावयाचा तर २४ नावा पुरत, आसपासच्या दुसऱ्या जागी ३७ पर्यंत लागत, आणि तेवढा ताफा महाराजांनी तेथे राखलेला होता. लाकडाचे सांगाडे तयार करून त्यांत दगड भरीत, ते मजबूत दोरखंडांनी जखडीत, आणि असे चार ते सहा सांगाडे प्रत्येक नावेवरून पाण्यात सोडीत. एका सांगाड्याचे वजन बर्न्सने २५,००० पौंड, म्हणजे त्याच्याच हिशेबाने २५० मण, दिले आहे. आणि पाण्याची खोली ३० वावांहून अधिक असल्याचे सांगितले आहे. नावांवर फळ्या टाकून वर माती पसरीत, म्हणजे जनावरे बुजत नसत. असा पूल तीन दिवसांत पुरा केल्याचेही उदाहरण होते, पण साधारणतः सहा दिवस लागत. एकदा सोडलेल्या सांगाड्यांवर निश्चिंत न राहता त्यांच्या जोडीस नवे सांगाडे सतत सोडीत राहावे लागे, ही गोष्टही त्याने टिपून ठेवली आहे, आणि मला ती वजनाच्या आकड्याहूनही महत्त्वाची वाटते. कारण उघड आहे. खडकाच्या धारेवर दोर अहोरात्र घासत असतो, पाण्यात भिजत पडलेला दोर आतून कुजत असतो, आणि तो केव्हा तुटेल हे वरून दिसत नाही. जो दोर दिसत नाही त्याच्यावर विश्वास न ठेवणे, हा या धंद्यातील पहिला दंडक होता असे म्हणावयास हरकत नाही.

बर्न्सने या पद्धतीची तुलना ग्रीक इतिहासकार एरियन याच्या वर्णनाशी केली आणि शिकंदराचा पूलही असाच असला पाहिजे असे अनुमान बांधले. तुलना मार्मिक आहे, परंतु अनुमान जपून घेतले पाहिजे. एरियन शिकंदरानंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी लिहीत होता, आणि टॉलेमी व ॲरिस्टोब्युलस या आपल्या दोन मुख्य आधारांनी सिंधूवरील पूल कसा बांधला हे सांगितलेले नाही असे त्याने प्रांजळपणे नमूद केले आहे. नावांचाच पूल असावा असे आपले मत देऊन पुढे तो जे वर्णन करतो ते रोमन लोकांच्या रिवाजाचे आहे: नावा उलट्या, म्हणजे मागील बाजू पुढे करून, प्रवाहाबरोबर खाली सोडावयाच्या, वल्ह्यांच्या होडीने त्यांचा वेग आवरून धरावयाचा, आणि नेमलेली जागा येताच नाळेवरून ओबडधोबड दगडांनी भरलेल्या निमुळत्या वेताच्या करंड्या पाण्यात टाकावयाच्या, की नाव तेथल्या तेथे उभी राहते. मग तिच्या शेजारी दुसरी, तिच्या शेजारी तिसरी. डॅन्यूबवर रोमन शिपायांनी जे केले तेच सिंधूवर मल्लाहांनी केले. पण यावरून एकाने दुसऱ्याचे पाहून शिकले असे सिद्ध होत नाही. जड दगड, त्यांना एकत्र ठेवणारी जाळी आणि वरच्या अंगास सोडलेला लांब दोर, यांपलीकडे त्या काळी फारसा उपायच नव्हता, आणि एकाच अडचणीने दोन दूरच्या लोकांस एकाच वाटेवर आणून सोडावे यात नवल नाही.

हे ज्ञान ग्रंथांत नव्हते, माणसांत होते, आणि अकबराने ती माणसेच आणून वसविली. १५८१ साली आपला भाऊ मिर्झा हकीम याच्यावर चालून जाताना त्याने अटकेच्या किल्ल्याचा पाया घातला. उन्हाळ्याचे दिवस, वरच्या डोंगरांतील बर्फ वितळून नदी चढलेली. फौज नावांतून पार उतरवावी लागली. किल्ला दोन वर्षांत उभा राहिला, आणि त्याबरोबरच बादशहाने हिंदुस्थानातून मल्लाह आणून किल्ल्याबाहेर त्यांची वस्ती केली. मल्लाही टोला या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. त्यांच्या निर्वाहासाठी एका गावाचा महसूल लावून दिला होता, आणि इंग्रजी अमदानीतही त्यांचे वंशज त्या गावाचा उपभोग घेत होते. तटबंदीवर किती खर्च झाला याचा हिशेब करणारे पुष्कळ आहेत. परंतु माझ्या मते अकबराच्या दूरदृष्टीची खरी साक्ष या एका गावाच्या महसुलात आहे. तट शत्रूस अडवील, पण फौजेस पलीकडे पोचविणार नाही. मल्लाहांस वंशपरंपरेने अन्न मिळाले म्हणून त्यांची विद्या बापाकडून मुलाकडे गेली, आणि राज्ये उलटली तरी नदीवरचा हात बदलला नाही.

अबुल फजलाने ‘आईने अकबरी’त मीर बहरीचा, म्हणजे नौकाखात्याचा, स्वतंत्र आईन दिला आहे, आणि त्यात नदी उतरण्याचे दरही नोंदले आहेत: हत्तीस १० दाम, भरल्या गाडीस ४, रिकाम्या गाडीस २, आणि माणसांस वीस असामी मिळून १ दाम. या उत्पन्नाचा निम्मा किंवा तिसरा हिस्सा सरकारात जमा होई व बाकीचा नावाड्यांकडे राही. नावाड्याचा वाटा सरकारच्या वाट्याइतका किंवा त्याहून मोठा ठेवावा, ही तजवीज वाचताना त्या काळच्या कारभाऱ्यांविषयी आदर वाटतो. ज्याच्या हातातील दोरावर शेकडो जीव अवलंबून आहेत त्याला दोर नवा घेण्याइतकी ऐपत असली पाहिजे, हे त्यांना कळले होते.

परंतु या विद्येचा सर्वांत कठीण भाग बांधण्यात नव्हता, सोडण्यात होता. अटकेचा पूल नोव्हेंबर ते एप्रिल एवढाच काळ ठेवता येई. थंडीत वरचे बर्फ गोठलेले, नदी उतरलेली, वेग मंदावलेला. उन्हे तापू लागली की पाणी दररोज थोडथोडे वाढे, आणि वाहून येणारी झाडे व ओंडके नावांच्या नाळांवर येऊन आदळू लागत. एक ओंडका दोन नावांमध्ये अडकला की त्याच्यामागे पालापाचोळा साठतो, पाण्यास आडवी भिंत मिळते, आणि चोवीस नावांचा रेटा दोन नावांच्या दोरांवर येऊन पडतो. त्याआधी पूल मोडला पाहिजे. एक दिवस उशीर झाला तर ताफा जाणार, पंधरा दिवस आधी मोडला तर व्यापाऱ्यांचा व फौजेचा खोळंबा होणार. ही तिथी पंचांगात नव्हती. काठावरच्या खडकावरील पाण्याची रेषा, पाण्याचा गढूळपणा, रात्री दोरातून येणारा कंप, यांवरून तांडेलाने ती ठरवावयाची आणि सुभेदाराने ऐकावयाची. उन्हाळा-पावसाळ्यात मग सुट्या नावांची तर चाले, आणि बांधण्याचा सरंजाम काठावर पडून राही.

आपल्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे काही गोष्टी निराळ्या दिसू लागतात. १७५८ च्या मार्चमध्ये राघोबादादांच्या फौजांनी सरहिंद घेतले, एप्रिलमध्ये त्या लाहोरास पोचल्या, आणि तेथून पुढे तुकोजी होळकर व साबाजी शिंदे यांच्या तुकड्या अटकेच्या रोखाने गेल्या. या पराक्रमाचा प्रत्येक मराठी माणसास अभिमान आहे, आणि तो मलाही आहे. परंतु महिने पाहावे. एप्रिल म्हणजे अटकेचा पूल मोडण्याचा महिना. ज्या वेळी आपले भाले सिंधूकडे निघाले त्याच वेळी सिंधू पुलास प्रतिकूल होऊ लागली होती. पुढील वर्षी अब्दालीच्या फौजा आल्या आणि १७५९ संपण्यापूर्वीच पंजाबातील आपली ठाणी उठली. अकबराने तेथे मल्लाहांस गाव दिला, रणजितसिंगाने ३७ नावांचा ताफा राखला. आपल्याला त्या नदीचा एक पुरता हिवाळाच काय तो लाभला. सिंधूच्या घाटावर हुकमत ठेवावयाची तर नावा, लाकूड, दोर आणि कारागीर यांचा कायमचा बंदोबस्त लागतो, आणि तो दीड वर्षाच्या अमलात उभा राहत नाही. मराठी फौजेच्या शौर्यास यात काही उणेपणा नाही.

हीच गोष्ट १७६० साली यमुनेवर अधिक कठोरपणे प्रत्ययास आली. राजवाड्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या ऐतिहासिक साधनांच्या पहिल्या खंडात मराठी फौजेचे सेनापती भाऊसाहेब यांची गोविंदपंत बुंदेल्यांस गेलेली पत्रे आहेत. इटाव्याच्या बाजूस नावा जमवाव्या, पूल सिद्ध करावा, म्हणजे यमुना उतरून अंतर्वेदीत शिरता येईल, असा तगादा त्या पत्रांतून चाललेला दिसतो. बेत उत्तम होता. अब्दाली व त्याचे रोहिले साथीदार दुआबात होते आणि त्यांस तेथेच गाठावयाचे होते. पण फौज चंबळ ओलांडून पुढे येईतो पावसाळा अंगावर आला, यमुना दोन्ही थड्या भरून वाहू लागली, आणि पूल झाला नाही. गोविंदपंतांस यासाठी दोष देणारे अनेक आहेत. त्यांच्या इतर वर्तनाविषयी काय म्हणावयाचे ते म्हणा. परंतु आषाढातल्या यमुनेत नावांची रांग उभी करणे हे हुकमाने होणारे काम नव्हे, हे त्यांच्या टीकाकारांनी ध्यानात घेतले पाहिजे. नावा जमविणे एक, त्या पुरात थोपवून धरणे निराळे. भाऊसाहेब मग आग्र्याकडून दिल्लीस वळले, ऑगस्टच्या आरंभी दिल्लीचा किल्ला त्यांनी घेतला, ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ उतार शोधून यमुनेपार आला. त्यालाही पूल बांधता आला नव्हता. त्याची काही माणसे त्या उतारात बुडाली. परंतु नदी उतरू लागली होती आणि त्याने ती संधी साधली. पानिपतच्या कारणांची मीमांसा करताना नावांच्या या प्रकरणास आपण फार थोडी जागा दिलेली आहे.

माणसाची विद्या कोठवर पुरते याचीही साक्ष सिंधूने दिलेली आहे. १८४०-४१ च्या हिवाळ्यात नंगा पर्वताच्या पायथ्याशी डोंगराचा कडा कोसळून नदी अडली. वर विस्तीर्ण सरोवर साठत गेले आणि खाली अटकेस पाणी विलक्षण कमी झाले. १८४१ च्या जून महिन्यात तो बांध फुटला. छछच्या मैदानात नदीकाठी शीख फौजेचा तळ होता; चिखल, झाडे व खडक घेऊन आलेल्या त्या लोंढ्याने तळ धुऊन नेला. पुन्हा १८५८ च्या ऑगस्टात असाच अवचित पूर आला, अटकेस नदी काही तासांत पन्नास फुटांहून अधिक चढली, आणि काबूल नदीचे पाणी उलटे फिरून नौशेऱ्यात शिरले. अशा पाण्यापुढे २५० मणांचा सांगाडा काय आणि गवताची काडी काय. मात्र एक गोष्ट त्या दोन्ही प्रसंगांत समान आहे, ती ही की, पूर येण्यापूर्वी नदी अस्वाभाविक रीतीने ओसरली होती. नदी भलत्या हंगामात आटली तर काठावरून उठून जावे, हा धडा या दोन प्रलयांतून मिळतो.

इंग्रजांनी १८४९ नंतर तोच पूल, तसाच, हिवाळ्यापुरता चालू ठेवला. त्यांना तो असह्य होत होता हे खरे, कारण पेशावरची छावणी वर्षातील निम्मे दिवस तरीवर अवलंबून ठेवणे त्यांच्या लष्करी शिस्तीत बसत नव्हते. १८६० साली नदीच्या तळाखालून भुयार नेण्याचा प्रयत्नही त्यांनी सुरू केला आणि तो सोडून दिला. अखेर गिलफोर्ड मोल्सवर्थ याने आखलेला, वर आगगाडी व खाली रस्ता असा लोखंडी पूल १८८३ च्या मे महिन्यात खुला झाला. नावांना आता कोणी विचारीनासे झाले. शेकडो वर्षे जे काम दगड आणि दोर यांनी हंगामी म्हणून केले ते लोखंडाने कायमचे केले, आणि त्यात प्रवाशांचे कल्याणच झाले. पण मल्लाहांच्या ज्ञानाची नीट नोंद कोणी करून घेतली नाही याचे वाईट वाटते. नवा पूल बांधणाऱ्यांना लागणारी पात्राची खोली, पुराची रेषा आणि खडकांच्या जागा याच लोकांस ठाऊक होत्या.

आपल्याकडे निदान कागद तरी पुष्कळ आहेत. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या वर्षांत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. उत्तरेतील मोहिमांच्या पत्रांत घाट, उतार, नावा, नावाडी आणि तरीची जकात यांचे उल्लेख वारंवार येतात, आणि चंबळ, यमुना, नर्मदा या नद्या कोणत्या महिन्यात कोणत्या घाटावर उतरल्या याची तारीखवार यादी त्यांतून सहज तयार होईल. लढायांच्या तिथ्यांशेजारी ही यादी मांडण्याचे काम कोणा तरुण अभ्यासकाने हाती घ्यावे, आणि आरंभ १७६० च्या ज्येष्ठ-आषाढातील इटाव्याच्या घाटापासून करावा.